पिलोक, मानमोडी आणि उधारीची वही

महाविद्यालयांतून प्रकल्प म्हणून जे कागद गोळा होतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारायचा नसतो असा एक अलिखित संकेत आहे. गुण भरले जातात, गठ्ठे बांधले जातात, आणि काही वर्षांनी ते रद्दीत जातात. तो संकेत मोडावा असे आम्हांला वाटले ते अगदी अपघाताने. कपाट आवरताना चोपडा तालुक्यातील विद्यार्थ्यांनी २०२१ साली लिहिलेल्या प्रकल्पवह्यांचा एक गठ्ठा हाती लागला. विषय आम्हीच दिलेला होता : ‘कोरोनाकाळातील माझे अनुभव’.

वह्या पुन्हा वाचताना प्रथम जाणवला तो त्यांचा एकसुरीपणा. बहुतेकांची सुरुवात जगाला हादरवणाऱ्या महामारीपासून होते; मग वुहान, मग लक्षणे, मग २२ मार्च २०२० च्या थाळ्या, मग टाळेबंदीचे फायदे. फायद्यांत प्रदूषण कमी झाले हे हमखास, आणि कुटुंबाला वेळ देता आला हे त्याच्या पाठोपाठ. ज्या मुलीच्या घरात एकच मोबाइल होता आणि तो घेऊन वडील केळीच्या घडांना गिऱ्हाईक शोधत फिरत होते, तिनेही कुटुंबाला वेळ देता आला असेच लिहिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडील पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना तर रेंजसाठी टेकडी चढावी लागे. पण त्यांच्या वह्यांतही ‘ऑनलाइन शिक्षणाचे महत्त्व’ हे प्रकरण आहेच. विद्यार्थी खोटे लिहीत होते असे नाही. आम्ही ‘अनुभव’ मागितला, आणि त्यांनी अनुभव कसा लिहितात हे जिथे पाहिले होते तिथली भाषा आणून दिली. वर्तमानपत्र, मार्गदर्शिका आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे संदेश या तिन्हींची मिळून ती भाषा झाली होती.

एक वही मात्र निराळी होती. गावात किराणा दुकान असलेल्या घरच्या एका मुलाने अनुभव लिहिलेलाच नव्हता. त्याने दुकानाची उधारीची वही उतरवून काढली होती : २०२० च्या मार्चअखेरीपासून पुढच्या वर्षाच्या मेपर्यंत. पहिल्या पंधरवड्यात तेल, साखर, डाळ. मग हळूहळू पाव किलो, छटाक, सुटी चहापत्ती. जूनमध्ये कोणी काय फेडले, कोणाचे राहिले. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये एका नावापुढे येणे तसेच ठेवून मारलेली आडवी रेघ. खाली एक शब्दही नाही. या वहीला आम्ही त्या वेळी वर्गातले सर्वांत कमी गुण दिले होते. शेरा अजून दिसतो : ‘विवेचनाचा अभाव.’

हा शेरा आमच्याच अंगावर उलटतो. तो का उलटतो हे सांगण्यासाठी खानदेशातल्या आणखी दोन साथींकडे वळले पाहिजे.

पहिली प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला (हाच कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी नोंदवले आहे, त्यांचे कौतुक), आणि त्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. मराठी माणसाच्या डोक्यात प्लेग म्हटले की हा पुण्याचा इतिहास उभा राहतो. फार तर १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. खेड्यांतला प्लेग मात्र वर्षानुवर्षे चालू राहिला, आणि तो राजकीय इतिहासाच्या पानांवर यावा असे त्यात काही घडत नव्हते. उंदीर मरून पडत, लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालत, साथ ओसरली की परत येत. काही येत नसत.

हा खेड्यातला प्लेग मराठी कवितेत आला तो खानदेशातूनच, आणि लिहिता न येणाऱ्या बाईच्या तोंडून. बहिणाबाई चौधरींची ‘पिलोक’ ही रचना शिक्षकांच्या परिचयाची असली तरी वर्गात क्वचितच शिकवली जाते. पाठ्यपुस्तकांना त्यांची संसाराची आणि मनाची गाणी अधिक सोयीची वाटतात. ओस पडलेले गाव, गावाबाहेरच्या झोपड्या, काखेत आणि जांघेत येणाऱ्या गाठी, एवढाच ऐवज या रचनेत आहे. शोक आहे, पण त्याला कसलेही भाष्य जोडलेले नाही. बाईंच्या स्वतःच्या घरात हा रोग शिरला होता आणि मुलगा ओंकार त्यामुळे कायमचा अधू झाला होता, हे ठाऊक असले की या संयमाचे वजन कळते.

शब्दाकडेही पाहावे. ‘प्लेग’ हा परका, जोडाक्षरी शब्द. खानदेशी जिभेने त्याचे जोडाक्षर सोडवले, शेवटचा वर्ण कठोर केला आणि ‘पिलोक’ घडवला. सरकारी फर्मानातून आलेला शब्द असा घरचा झाल्यावरच त्याचे गाणे होऊ शकले. (त्यात ‘लोक’ सापडतात हा निव्वळ योगायोग, पण योगायोगावरही थोडे थांबायला हरकत नाही.) ‘कोरोना’चे असे काही झाले का? आमच्या भागात अहिराणी, गुजरी, लेवा बोली, पावरी अशा कितीतरी जिभा आहेत. त्यांपैकी कोणत्या जिभेने त्याला काय केले, हे आमच्या एकाही विद्यार्थ्याने टिपलेले नाही. कारण आम्ही ते विचारले नाही.

आणि ‘पिलोक’ आपल्यापर्यंत आली कशी? सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकता ऐकता या गाण्यांपैकी काही कागदावर उतरवून ठेवली म्हणून. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या; १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. लिहिता येणाऱ्या पोराने न लिहिणाऱ्या आईचे बोलणे जसेच्या तसे टिपणे, याहून चांगला विद्यार्थी-प्रकल्प खानदेशात झालेला नाही असे आम्ही धाडसाने म्हणतो. आज त्याच बाईंचे नाव विद्यापीठाला आहे (नामांतर २०१८ चे), आणि त्याच विद्यापीठाच्या छायेतली मुले आईला बाजूला ठेवून प्रकल्प लिहितात.

दुसरी साथ १९१८ ची. हिला मराठीत ‘मानमोडी’ म्हणत. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराशी तिचा संबंध नाही. अंग आणि मान मोडून टाकणारा ताप, म्हणून मानमोडी. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली तेव्हा सौम्य होती. सप्टेंबरात परतली ती घातक होऊन. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता, धान्य महागले होते, आणि रोगाला रेल्वेचे फाटे मोकळे होते. हिंदुस्थानात त्या साथीने कमीत कमी सव्वा कोटी माणसे नेली असे मानतात. वरचे अंदाज पावणेदोन कोटींच्या पुढे जातात. आजच्या महाराष्ट्राच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख होती, ती १९२१ मध्ये २ कोटी ८ लाखांवर आली.

इतक्या मोठ्या संहाराचा मराठी साहित्यातला उल्लेख विरळ आहे. हिंदीत निरालांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये तो सापडतो, त्यांची पत्नी याच साथीत गेली होती. आपल्याकडे मानमोडी हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात काही काळ उरला आणि मग तोही गेला. असे का व्हावे? प्लेगने गाव हलवले, झोपड्या घालायला लावल्या, सोजिरांशी गाठ घातली. त्यातून सांगण्याजोगी दृश्ये निर्माण झाली. मानमोडी घरातल्या घरात काही आठवड्यांत काम उरकून गेली. शिवाय तिने नेले ते मुख्यतः वीस ते चाळीस वयाच्या माणसांना, आणि या देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. म्हणजे जात्यावर बसून जे सांगायचे ते सांगणारी पिढीच गेली. मागे राहिली ती लहान मुले. त्यांना आई आठवत होती, आईच्या रोगाचे नाव आठवत नव्हते.

मग पुरावा उरतो तो सरकारी. गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, महसुली भाषेत गाव नमुना १४. तारीख, नाव, जात, वय, मृत्यूचे कारण असा त्यातल्या नोंदींचा साचा. कारणांची शीर्षके ठरलेली असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात, इतर. इन्फ्लुएंझासाठी खाना नव्हता. त्यामुळे १९१८ चे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका शब्दाखाली गेले, आणि पुढे संशोधकांनी साथीचे बळी मोजले ते नेहमीच्या वर्षांपेक्षा तापाचे मृत्यू किती वाढले यावरून. आश्विनातल्या पानावर ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचा हात थकला असेल, पण शब्द बदलायची त्याला मुभा नव्हती.

२०२३ साली ही रजिस्टरे महाराष्ट्रभर बाहेर निघाली. कुणबी नोंदींचा शोध चालू होता. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत जातीच्या रकान्यावरून बोटे फिरू लागली. त्या शोधाच्या न्याय्यतेबद्दल येथे आम्हांला काही म्हणायचे नाही. एवढेच मनात आले की त्याच ओळीत दोन-तीन रकाने पलीकडे पणजीच्या मृत्यूचे कारण लिहिलेले होते, आणि तिकडे कोणाचे बोट गेले नसावे.

रकान्यात काय लिहिले जाते याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याने २०२१ आठवावे. कोविडने गेलेल्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर दुसरेच कारण पडल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला दाखल्यांची पद्धत सोपी करा असे सांगावे लागले, आणि ऑक्टोबरात ५० हजार रुपयांच्या साहाय्याला मान्यता मिळाल्यावर तो एक शब्द घरोघरी शोधला जाऊ लागला. ‘ताप’ या शब्दाचा हा नवा अवतार. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी स्वतः हे अर्ज भरले होते. आपल्या प्रकल्पात मात्र त्यांनी मुखपट्टीचे प्रकार लिहिले.

मुलांकडून असे काम होत नसते, ही सबब आयर्लंडने केव्हाच निकालात काढली आहे. १९३७ ते १९३९ या काळात तेथील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले वहीत उतरवले. विषयांत १८४५ नंतरचा महादुष्काळही होता. दुष्काळ पाहिलेल्यांच्या मुला-नातवंडांच्या तोंडचे बोलणे दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या अक्षरात आज राष्ट्रीय संग्रह म्हणून जपलेले आहे. त्यांच्या सूचना साध्या होत्या : कोणी सांगितले, ती व्यक्ती कुठली, वय काय, आणि काय सांगितले. मत मागितलेले नव्हते. आपल्याकडे हेमा रायरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या अशाच ऐकण्यातून.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणला आहे. तो ‘महामारीचे परिणाम : एक अभ्यास’ या धर्तीवर वाया जाईल अशी धास्ती आम्हांला वाटते, कारण ते आम्ही करून पाहिले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने घरातल्या रोगाला घरात काय म्हटले गेले ते टिपावे. अंत्यविधीला जाता आले नाही त्याची भरपाई पुढे कोणत्या विधीने झाली, मरीआईच्या ओट्यावर २०२० साली कोण गेले आणि कोणत्या वेळी, हे विचारावे. सांगणाऱ्याने पावरीत सांगितले तर पावरीतच देवनागरीत लिहावे आणि मराठी खाली द्यावी, उलट नको. मोडी येत असेल, किंवा शिकण्याची तयारी असेल, तर आपल्या गावचे १९१८ चे पान पाहावे. रचना करायची असेल त्यांनी जरूर करावी. पण आधी ‘पिलोक’ वाचावी आणि तीत ‘दुःख’ कसे सांगितले आहे हे पाहून मग विशेषणे वापरावीत.

एक अडचण आम्ही लपवत नाही. ज्याच्या घरात मृत्यू झाला त्याने त्यावर लिहावे, असा गुणांच्या बदल्यात आग्रह धरण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. सोपानदेवांना कोणी गुण देणार नव्हते. न सांगण्याचीही मुभा प्रकल्पात असली पाहिजे, आणि कोरे पान हे अपुरे पान समजू नये. मग मूल्यमापन कसे करायचे, हे विद्यापीठाच्या तक्त्यात बसणारे उत्तर आमच्याजवळ नाही.

उधारीच्या वहीचा तो मुलगा पदवी घेऊन गेला. त्याचे दुकान रस्त्यावरच आहे. अडावदकडे जाताना एकदा थांबलो, चहापत्तीचा पुडा घेतला. त्या रेघेविषयी विचारायचे होते. गल्ल्यापाशी त्याची आजी बसली होती. सुटे पैसे मोजून देताना तिने विचारले, पोराला शिकवत होते ते तुम्हीच का? आम्ही होय म्हटले. तिने वहीतले एक पान उलटले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाचे साखर-तेल लिहायला नातवाला हाक मारली.