रॅक सर्व्हरचे आयुर्मान

रॅक सर्व्हर : १९ इंच रुंदीच्या प्रमाणित चौकटीत बसणारा, अहोरात्र चालणारा संगणक. त्याच्या आयुष्याला एकच आकडा देता येत नाही, कारण त्याचे भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात. पंख्यांची बेअरिंगे आणि हार्ड डिस्कचे फिरते भाग घर्षणाने झिजतात. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने आटतो. तापमान १० अंश से. कमी राखल्यास या कपॅसिटरांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. एसएसडीच्या, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, पेशी ठरावीक लेखनानंतर निकामी होतात. प्रोसेसर सहसा या सर्वांपेक्षा जास्त टिकतो. म्हणूनच पंखे, डिस्क आणि पॉवर सप्लाय बहुधा यंत्र बंद न करता बदलता येतील असे बसवलेले असतात.

उत्पादकांच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. संशोधक बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या; प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास होते, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय हे प्रमाण वयाबरोबर वाढत गेले. मग तीन-चार वर्षांनी सगळी यंत्रेच बदलावीत, असे कोणी म्हणेल. पण त्याने धोका टळत नाही. एचपीई या सर्व्हर-उत्पादक कंपनीच्या काही एसएसडी फर्मवेअरमधील (डिस्कच्या अंतर्गत आज्ञावलीतील) दोषामुळे ३२,७६८ तासांनी, म्हणजे चार वर्षांच्या आतच, बंद पडत, हे २०१९ मध्ये उघड झाले. एकाच वेळी सुरू केलेल्या अशा डिस्क एकदमच जातात आणि मग जादा डिस्कचे संरक्षणही अपुरे पडते. यावर उपाय फर्मवेअर अद्ययावत करणे हाच होता.

सर्व्हर किती वर्षे वापरायचा, हा निर्णय मुख्यतः आर्थिक असतो. हिशेबात धरलेले सर्व्हरचे आयुष्य अल्फाबेट कंपनीने २०२१ मध्ये तीनवरून चार आणि २०२३ मध्ये सहा वर्षे केले. अ‍ॅमेझॉनने मात्र २०२५ पासून काही सर्व्हरांसाठी ते सहावरून पाचवर आणले आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेतील वेगवान बदलांचे कारण दिले. जुनी यंत्रे तेवढ्याच कामाला जास्त वीज खातात, त्यांची सुरक्षा-अद्यतने थांबतात, हे आक्षेप खरे आहेत. मात्र ती निवृत्तीची कारणे आहेत, बिघाडाची नव्हेत. ही गल्लत टाळायची तर प्रत्येक भागाचे तास, तापमान आणि बिघाड यांची स्वतःची नोंद ठेवावी लागते. अशी नोंद असेल तर चालू यंत्र नाहक भंगारात जात नाही आणि धोक्याचे यंत्र नव्या खरेदीची वाट पाहत कामावर राहत नाही.