पायाचा रस्सा आणि रात्रभराचा विस्तव

बैलाच्या शेपटीचे दाट सूप ‘स्लो कुकर’मध्ये, म्हणजे विजेच्या अगदी मंद आचेवर अन्न तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यात, करण्याची पाश्चात्त्य रीत मराठवाड्यातल्या भोकरला जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर असलेली बंदी 2015 पासून बैल आणि वळूंनाही लागू आहे, परंतु त्याच कुळातला बकऱ्याच्या पायांचा रस्सा, म्हणजेच पाया, मराठवाड्याला परका नाही. भोकर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि हैदराबादेत पाया हा नहारीचा, म्हणजे सकाळी कुलच्याबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या रश्श्याचा, प्राण मानला जातो.

पाय आधी निखाऱ्यावर भाजून केस जाळतात, काळा थर सुरीने खरवडून काढतात, हळद लावून धुतात आणि मगच ते पातेल्यात जातात. दगडफूल, वाळा, गुलाबपाकळ्या असा सुगंधी मसाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडला जातो. झाकणाची कड कणकेने लिंपली आणि वरही निखारे ठेवले की तो ‘दम’ झाला, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्या मंद विस्तवावर पातेले पहाटेपर्यंत राही. पायांत मांस नावापुरतेच असते. भर असतो तो कातडी, सांधे आणि स्नायुबंध यांतल्या कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा, जे दीर्घकाळच्या ओल्या उष्णतेत सुटून जिलेटिन बनते. रस्सा नीट उतरला की ओठ एकमेकांना चिकटतात आणि थंड झालेला उरलेला रस्सा थिजून वडीसारखा कापता येतो, हीच त्याची खरी परीक्षा. खळखळून उकळला तर चरबी पाण्यात कालवली जाऊन तो गढूळ होतो.

स्लो कुकरचा जन्मही अशाच एका रात्रीच्या विस्तवातून झाला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, म्हणजे साबाथच्या काळात, चूल पेटवणे निषिद्ध असल्याने लिथुआनियातील ज्यू घरांमधून ‘चोलेंट’ या मांस, घेवडा व बटाट्याच्या पदार्थाची भांडी शुक्रवारीच गावच्या बेकरीत पोचत आणि विझत्या भट्टीच्या उबेवर रात्रभर शिजत. आईकडून ही हकीकत ऐकलेल्या अमेरिकन संशोधक आयर्विंग नॅक्सन यांनी भांड्याभोवती विजेची तार गुंडाळून तीच ऊब घरात आणली आणि 1940 मध्ये त्या भांड्याचे पेटंट मिळवले. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा उद्योग घेतला, आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे अमेरिकेत घरोघरी पोचू लागले.

आज आपल्याकडे पाया बहुधा प्रेशर कुकरमध्ये शिजतो. त्यातील सुमारे 120 अंश सेल्सिअसची वाफ तेच काम थोड्या वेळात उरकते आणि इंधन वाचवते, तरी चवीच्या दृष्टीने मंद आच सरस ठरते. स्लो कुकरमध्ये पाणी फारसे आटत नाही, म्हणून तिथे पाया करताना पाणी पाय जेमतेम बुडतील इतकेच घालावे आणि कांदा-मसाला आधी वेगळ्या कढईत तेल सुटेपर्यंत परतून घ्यावा.