घशात अडकलेलं हाड

कोंबडी खाताना छातीच्या वरच्या टोकाशी इंग्रजी 'व्ही'सारखं एक बारीक हाड हाती लागतं. पक्ष्यांचे दोन कॉलरबोन जुळून ते बनतं. या काडीएवढ्या हाडापायी एक बरोबर उत्तर जवळजवळ पन्नास वर्षं बाद ठरलं होतं.

थॉमस हेन्री हक्स्लीने 1860च्या दशकाच्या शेवटी कमरेची आणि मागच्या पायांची हाडं शेजारी ठेवून पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं मांडलं होतं. पुढे गेरहार्ड हाइलमान आला. डेन्मार्कचा चित्रकार, डॉक्टरकी अर्धवट सोडलेला. 1926 च्या 'द ओरिजिन ऑफ बर्ड्स'मध्ये त्याने सांगाड्यांची इतकी बारकाईने तुलना केली, की वाचताना वाटतं आता हा डायनोसॉरचंच नाव घेणार. हात, पाय, कंबर, सगळं जुळत होतं. फक्त डायनोसॉरना कॉलरबोन नव्हते. उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव परत येत नाही, हा दोलोचा नियम त्याला पक्का वाटत होता. म्हणून त्याने पक्ष्यांचा पूर्वज आणखी जुन्या सरीसृपांत ढकलला आणि बहुतेकांनी ते मान्य केलं.

गंमत म्हणजे ते हाड आधीच छापून झालं होतं! मंगोलियात 1923 मध्ये सापडलेल्या ओविराप्टरचं वर्णन ऑस्बॉर्नने 1924 मध्ये केलं. चित्रात ते हाड आहे, पण त्यावर नाव दुसऱ्याच हाडाचं.

क्वेरीला शून्य ओळी आल्या म्हणजे डेटाच नाही, असं समजून मी एक अख्खी रात्र घालवलेली आहे. त्यामुळे हाइलमानला हसायची माझी हिंमत नाही. एवढी नाजूक हाडं मुळात टिकतातच कमी.

1964 मध्ये जॉन ऑस्ट्रॉमला मोंटानात डायनोनिकस सापडला. त्याच्या मनगटात अर्धचंद्रासारखं हाड होतं, त्यामुळे पंजा बाजूला दुमडायचा. चिमणी पंख मिटते ती याच मनगटाच्या जोरावर. आर्किऑप्टेरिक्सशी तुलना केल्यावर हात आणि खांदेही जुळले, आणि 1970च्या दशकात ऑस्ट्रॉमने हक्स्लीचं म्हणणं पुन्हा उभं केलं.

मग ते 'व्ही'चं हाडही दिसू लागलं, व्हेलोसिरॅप्टरमध्ये, अगदी टी. रेक्समध्येसुद्धा. ओविराप्टरच्या त्या हाडाची खरी ओळख 1983 मध्ये मंगोलियाच्याच रिंचेन बार्सबोल्ड यांनी पटवली. तोवर हाइलमानला जाऊन 37 वर्षं झाली होती.