फँटमचे आजोळ

दंतवैद्यक महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्याच्या दृष्टीस पडतात ती मेजांच्या कडांना पोलादी दांड्यांनी जखडलेली, मानेखाली देह नसलेली, रबरी गालांची आणि सदैव तोंड उघडून बसलेली मस्तके. विद्यार्थी त्यांना ‘फँटम’ म्हणतात. जबड्यातील प्रत्येक कृत्रिम दात स्क्रूने आवळलेला असतो. कोरून वाया गेला की तो काढून दुसरा बसवावा. वरच्या दाढेवर काम करताना छोट्या आरशात पाहावे लागते, आणि आरशात पुढे दिसणारी बाजू वस्तुतः मागे असल्यामुळे नवख्याचा हात काही आठवडे उलट दिशेनेच धावत राहतो. अडचण झाली की तो आपली बैठक सुधारण्याऐवजी मस्तकच सोयीने वळवून घेतो, आणि शिक्षक ते पुन्हा रुग्णाच्या स्वाभाविक स्थितीत आणून ठेवतात. दाढ कोरताना शेजारच्या दाताला ओरखडा गेला तर गुण कापले जातात. परंतु त्या ओरखड्याची वेदना कोणाला सोसावी लागत नाही, आणि या उपकरणाचे सारे प्रयोजन तेवढ्या एका गोष्टीत सामावले आहे.

या मस्तकाचा ज्ञात इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. १८६० पासून लंडनच्या शल्यवैद्य परिषदेने दंतवैद्यांना परीक्षा घेऊन सनदा देण्यास आरंभ केला. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसनने पायाने चालविण्याच्या छिद्रयंत्राचे पेटंट मिळविले. आणि १८९४ मध्ये ऑस्वाल्ड फर्गस नामक दंतवैद्याने लोखंडी दांड्यावर पितळी जबडे बसवून पहिला दंत-फँटम सादर केला. भारतात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात, आणि १९३३ मध्ये नायर रुग्णालयाने मुंबईत दंतशिक्षणाचा पाया घातला. पाठ्यपुस्तके एवढ्यावर संतुष्ट असतात. फर्गसला ही कल्पना कोठून सुचली, आणि जड पितळी जबड्यांना ‘छायारूप’ अशा अर्थाचे नाव कसे पडले, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारलेला नाही.

माझे उत्तर असे, की फँटमचे आजोळ सुईणीच्या घरी आहे.

हा धागा माझ्या हाती आला तो फ्रान्समधील रुआँ नगराच्या संग्रहालयात जतन केलेल्या एका कापडी बाहुलीचे वर्णन वाचताना. ही बाहुली आंजेलिक द्यु कूद्रे या फ्रेंच सुईणीच्या अध्यापनयंत्राचा भाग आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या ग्रामीण मुलखात अडलेल्या बाळंतपणात माता आणि अर्भके इतक्या संख्येने दगावत, की राज्याची लोकसंख्या घटते आहे अशी धास्ती दरबारास वाटू लागली. तेव्हा १७५९ साली पंधराव्या लुईने या बाईंना राजसनद देऊन प्रांतोप्रांती फिरून प्रसूतिविद्या शिकविण्याचा अधिकार दिला. ज्यांना शिकवायचे त्या बहुसंख्य खेडूत स्त्रिया निरक्षर होत्या. त्यांच्यापुढे ग्रंथ ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून द्यु कूद्रेबाईंनी कापड, कातडे, भरण आणि खरी अस्थी यांपासून प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा कटिभाग आणि त्यातून बाहेर येणारे अर्भक निर्माण केले, आणि दोन दशकांहून अधिक काळ हे ‘यंत्र’ बरोबर घेऊन त्या देशभर हिंडल्या. हजारो स्त्रियांचे हात त्यावर घडले.

त्या अर्भकाच्या रचनेतील एक तपशील मला विलक्षण वाटतो. त्याला नाक आहे, शिवून बसविलेले कान आहेत, आणि त्याचे तोंड उघडे असून आत जीभ आहे. त्यात बोट सरकविता येईल इतकी पोकळी मुद्दाम राखलेली आहे. ही कारागिराची हौस नव्हे. मूल पायाळू येते तेव्हा धड बाहेर पडून डोके अडते, अशा वेळी मुलाच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे वाकवावी म्हणजे डोके सुटते, हा उपाय सतराव्या शतकातील मोरिसो या फ्रेंच वैद्यापासून प्रसिद्ध आहे; आणि तो शिकवायचा तर बाहुलीला तोंड हवे, तेही आत बोट जाईल असे हवे. म्हणजे न दिसणाऱ्या जागी, अरुंद वाटेने, केवळ स्पर्शाच्या भरवशावर शिकाऊ हाताने मुखविवरात शिरावे, यासाठी हेतुपुरस्सर घडविलेले मुख फर्गसच्या पितळी जबड्यांच्या सुमारे शतक-सव्वाशतक आधी सुईणींच्या वर्गात वापरले जात होते. दंतविद्यार्थी आज ज्या उघड्या तोंडासमोर बसतो त्याचा हा पूर्वज होय, असे मी मानतो.

एका बाहुलीवर एवढी इमारत उभी करता येणार नाही, म्हणून नावाची साक्ष काढतो. द्यु कूद्रेबाईंच्याही आधी पॅरिसमध्ये ग्रेगवार नावाचे प्रसूतिवैद्य अशा प्रतिकृतीवर विद्यार्थ्यांना शिकवीत. स्कॉटलंडचा विल्यम स्मेली १७३९ च्या सुमारास त्यांच्याकडे गेला, त्यांच्या वेताच्या विणीच्या यंत्राने त्याचे समाधान झाले नाही, आणि लंडनला परतल्यावर त्याने खऱ्या अस्थींवर कातडे मढवून स्वतःची यंत्रे बनविली. एकोणिसाव्या शतकात हे उपकरण युरोपातील वैद्यक विद्यालयांतून रूढ झाले, आणि जर्मन प्रसूतिवैद्यकात त्याचे ‘फँटम’ हे नाव इतके पक्के झाले, की ‘फँटमवरील अभ्यासक्रम’ म्हटले म्हणजे निराळा खुलासा करण्याची गरज पडेना. त्या काळी दंतवैद्यकाची सनद हवी असणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्याला सर्वसाधारण रुग्णालयात शरीररचना आणि शल्यकर्म यांची व्याख्यानेही ऐकावी लागत. तेथे प्रसूतिविभागाचे कपाट त्याच्यापासून फार दूर नसे. एका विद्येचे साधन नावासकट दुसऱ्या विद्येत येण्यास एवढा शेजार मला पुरेसा वाटतो. आपल्याकडेही प्रसूतिशास्त्राच्या वर्गात बाहुली आणि अस्थिकटी घेऊन मुलाच्या डोक्याचे फिरणे शिकविण्याची परंपरा अखंड आहे.

या मतास प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यांची उपेक्षा करणे न्याय्य होणार नाही. पहिला पक्ष क्ष-किरणवैद्यकाचा. किरणांच्या मापनासाठी मनुष्यदेहाच्या जागी जो पाण्याचा किंवा मेणाचा ठोकळा ठेवतात त्यालाही ‘फँटम’ म्हणतात, तेव्हा नाव तेथून आले असावे, असा कोणाचाही सहज समज होईल. परंतु राँटगेनने क्ष-किरणांचा आपला शोध जाहीर केला तो १८९५ च्या अखेरीस. फर्गसचे जबडे त्याच्या आदल्या वर्षीचे आहेत. हा पक्ष कालक्रमानेच निकालात निघतो.

दुसरा पक्ष नेत्रवैद्यकाचा, आणि तो अधिक बळकट आहे. एकोणिसाव्या शतकात नेत्रशल्यक्रिया शिकणारे विद्यार्थी मुखवट्याच्या खोबणीत डुकराचा डोळा बसवून मोतीबिंदूच्या छेदाचा सराव करीत, आणि त्या मुखवट्यालाही फँटमच म्हणत. चेहरा तोच, अवयव बदलता येणारा, आणि बिघडलेला अवयव टाकून नवा बसविण्याची सोय. आजच्या दंत-फँटमशी याचे साम्य उघड आहे. तरीही मी त्याला आजोळाचा मान देत नाही, कारण डोळा पृष्ठभागावर असतो आणि तेथे शल्यकर्त्यास सारे समोर दिसते. दंतवैद्याचे संकट निराळ्या जातीचे आहे. काढलेला दात चिमटीत धरून कोरणे सोपे असते, आणि फर्गसच्या पूर्वी विद्यार्थी ते करीतच होते. तोच दात गाल, जीभ आणि समोरचा जबडा यांच्या कोंडीत बसला की हाताला वळण्यास जागा उरत नाही आणि नजर अर्धवट पोहोचते. फँटमने शिकवायचे असते ते हे कोंडीतील काम, आणि त्या जातीच्या कामाचे अध्यापनयंत्र प्रथम सुईणींनी वापरले. नेत्रवैद्यकाचा मुखवटा माझ्या मते मावसभाऊ ठरतो: दोघांचे आजोळ एक, घराणी निराळी.

तिसरा पक्ष आपल्या अभिमानाशी निगडित असल्यामुळे त्याची तपासणी अधिक कसोशीने केली पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, योग्यासूत्रीय नामक अध्यायात शिष्याच्या हस्तकौशल्याची जी व्यवस्था सांगितली आहे ती थक्क करणारी आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर. भेदनाचा पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. लेखनाचा, म्हणजे खरवडण्याचा, केसाळ ताणलेल्या चर्मावर. शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. एषणाचा, म्हणजे आतला मार्ग चाचपण्याचा, किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूवर. सीवनाचा जाडबारीक वस्त्रांच्या आणि मऊ कातड्यांच्या कडांवर. पट्टबंधनासाठी तर मनुष्याकृती पुतळा. आणि आहरणाचा, म्हणजे आत रुतलेली वस्तू ओढून काढण्याचा सराव, फणस, तोंडले, बेलफळाचा मगज आणि मृत पशूंचे दात यांवर करावा असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. दंतशंकू हे शस्त्र ज्या ग्रंथात स्वतंत्र गणले आहे, त्यानेच दात उपटण्याचा सराव निर्जीव जबड्यावर आधी करावा असा दंडक घातला आहे.

मग हेच फँटमचे मूळ म्हणावे काय? संहितेचे अरबी भाषांतर बगदादच्या खलिफांच्या काळी झाले होते, आणि हेसलरचे लॅटिन भाषांतर १८४४ पासून जर्मनीत प्रसिद्ध होऊ लागले, एवढ्या आधारावर कोणी वंशवेल जोडू म्हणेल. परंतु ग्रेगवारचे यंत्र हेसलरच्या शंभर वर्षे आधीचे आहे, आणि सुश्रुताची फळे व पिशव्या यांची कोणतीच खूण त्या यंत्रात आढळत नाही. वंशसंबंधाचा दाखला नसताना वंशाचा दावा करणे हे सुश्रुताच्या थोरवीस शोभत नाही. त्याची खरी थोरवी निराळ्या जागी आहे, आणि ती दंतशिक्षणाच्या आजच्या स्थित्यंतरामुळे प्रथमच नीट ध्यानात येते.

युरोपीय फँटमने रूपाचे सादृश्य साधले: जबडा जबड्यासारखा, गाल गालासारखा, मान मानेसारखी. सुश्रुताने रूपाची फिकीर केली नाही. त्याने हाताला जाणवणाऱ्या प्रतिकाराचे सादृश्य शोधले. याची प्रचीती हवी असेल तर फणसाचा एक गरा घ्यावा आणि चिमट्याने त्यातील आठळी काढून पाहावी. वरून ओढली तर चिमटा निसटतो. आठळीभोवतीचे पातळ आवरण तिला धरून ठेवते. घाई केली तर गरा फाटतो. चिमटा खोल सरकवून, पकड न सोडता दोन्ही बाजूंना हळूहळू झुकवीत गेले म्हणजे आवरण सैल होते आणि आठळी अखंड हाती येते. दात काढताना नेमकी हीच क्रिया करावी लागते: मूळ आणि हाड यांच्यामधील तंतू झुकवून झुकवून तोडायचे, खोबण रुंदावायची, आणि ओढणे सर्वांत शेवटी. सुश्रुताने पशूंच्या दातांच्या पंक्तीत फणस का बसविला याचा उलगडा वाचून होत नाही, तो मनगटाला होतो.

आता नवी यंत्रे आली आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या दंतविद्यालयाच्या सहकार्याने मूग या कंपनीने सिमोडाँट नावाचे स्पर्शयंत्र सिद्ध केले; त्यात खरा जबडाच नसतो. विद्यार्थी चष्म्यातून दाताची त्रिमित प्रतिमा पाहतो, हाती छिद्रयंत्राची मूठ धरतो, आणि लहान मोटारी त्या मुठीला असा विरोध करतात, की वरचे कवच कठीण, आतले दंतद्रव्य त्याहून मऊ आणि किडलेला भाग आणखी मऊ लागतो. ही कंपनी वैमानिकांच्या शिक्षणयंत्रांतील सुकाणूदांड्याला कृत्रिम ताण पुरविण्याच्या विद्येत मुरलेली. म्हणजे जी उसनवारी पूर्वी प्रसूतिगृहातून झाली ती आता विमानविद्येतून झाली आहे. प्लास्टिकचा दात आरपार एकाच कठीणपणाचा असल्यामुळे कवच कोठे संपले हे तो हाताला सांगू शकत नाही. स्पर्शयंत्र ते सांगते. दुसऱ्या दिशेने जपानमध्ये शोवा विद्यापीठाने ‘हानाको’ नावाची रुग्णपुतळी करविली, जी जीभ हलविते, खोकते आणि उबळ आल्याचे दाखविते. एक यंत्र प्रतिकाराच्या वाटेने पुढे गेले, दुसरे रूपाच्या. आणि माझ्या मते दंतशिक्षणाचे भवितव्य पहिल्या वाटेवर, म्हणजे सुश्रुताच्या वाटेवर अधिक आहे.

परंतु ही यंत्रे महाग आहेत, आणि आपल्या बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्यात ती लवकर येतील असे दिसत नाही. तोवर एक उणीव आपल्याला विनाखर्च भरून काढता येईल. फँटमवर विद्यार्थी दात कोरण्यास शिकतो, भरण्यास शिकतो, टोपीसाठी तासण्यास शिकतो. मात्र स्क्रूने आवळलेला दात झुकवून सैल करता येत नसल्यामुळे दात काढण्यास तो त्यावर शिकत नाही. ते शिक्षण आपल्याकडे बहुधा थेट रुग्णावर सुरू होते, आणि तो रुग्ण बहुधा गरीब असतो. ज्या कर्मासाठी सुश्रुताने फणस आणि पशूंचे दात नेमून दिले, नेमके तेच कर्म सरावावाचून राहिले आहे. २०२३ च्या कायद्याने दंत परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद झाली असून अभ्यासक्रमाच्या फेरमांडणीची ही योग्य वेळ आहे. खाटकाकडून मिळणाऱ्या बकऱ्याच्या जबड्यावर ठरावीक संख्येने दात काढून दाखविल्याखेरीज कोणत्याही विद्यार्थ्याने जिवंत माणसाच्या तोंडात चिमटा घालू नये, असा नियम आयोगाने करावा. सुईणींच्या हाती मनुष्य सोपविण्यापूर्वी कापडी अर्भक देण्याचा शहाणपणा एका फ्रेंच बाईने अडीचशे वर्षांपूर्वी दाखविला. त्या शहाणपणाचा लाभ दात काढून घ्यायला आलेल्या आपल्या रुग्णालाही मिळाला पाहिजे.