भवानीची कवड्यांची माळ

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी होय. मंगलकार्यानंतर तिचा गोंधळ घालण्याचा कुळाचार या घरांतून परंपरेने चालत आला आहे. संबळाच्या साथीने देवीला आवाहन करणाऱ्या गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. अलीकडे तरुण मंडळींस ही माळ काहीशी गावंढळ वाटू लागली आहे. म्हणून तिच्या पूर्वेतिहासाचा हा अल्पसा परामर्श.

तुळजापूरची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी नानालंकारांनी मंडित आहे. नवरात्रात रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार इत्यादी अलंकार-महापूजा बांधल्या जातात. शिवछत्रपतींनी अर्पण केली असे परंपरा सांगते, ती सुवर्णमुद्रांची माळही देवीच्या दागिन्यांत आहे. अशा राजवैभवाशेजारी सागरातील एका क्षुद्र जीवाच्या कवचास मान कसा मिळाला, हा प्रश्न साहजिक आहे.

याचे उत्तर भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त सापडते. ग्रंथारंभीच नाण्यांचे कोष्टक आहे : २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या झाल्या. हाच ‘निष्क’ शब्द ऋग्वेदात गळ्यातील अलंकाराचा वाचक आहे. धन आणि कंठभूषण यांचे नाते इतके पुरातन आहे. पुतळ्यांची माळ आणि कवड्यांची माळ या दोहोंतही मनुष्याने आपले धनच ओवून देवीला वाहिले. एकीत राजाचे, दुसरीत रंकाचे.

चलनाच्या कवड्या मुख्यत्वे मालदीव बेटांतून येत. इ. स. १३४३ मध्ये तेथे गेलेल्या इब्न बतूताने, बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेतात, असे नमूद केले आहे. कवडी टणक, सहसा न झिजणारी आणि बनावट करण्यास अशक्य. म्हणूनच ती विश्वासाचे नाणे ठरली. तिच्या आकारात मातृत्वाचे चिन्ह पाहण्याची दृष्टीही प्राचीन आहे. जगन्मातेच्या कंठी ती शोभली, यात नवल नाही.

पुढे धातूच्या नाण्यांपुढे कवडीचे मोल उतरले. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्या अवनतीचीच साक्ष देतात. बाजाराने तिला टाकले, परंतु देवीने टाकले नाही. गळ्यात ती माळ आणि हाती परडी घेऊन आराधी दारोदार जोगवा मागतो, तेव्हा श्रीमंतीचा अभिमान उंबऱ्याबाहेर ठेवून तो मागावयाचा असतो. कवडीच्या माळेचा खरा बोध हाच आहे.

ज्यांच्या देव्हाऱ्यात वाडवडिलांची अशी माळ असेल, त्यांनी ती जीर्ण झाली म्हणून विसर्जित करू नये. दोरा जुना होतो, कवडी होत नाही. नव्या दोऱ्यात ओवून ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.