एक वार, दोन वार, तीन वार

जुन्या मोटारींचे लिलाव हल्ली इंटरनेटवर चालतात. शेवटच्या क्षणी बोली लावून गाडी पळवणं न्याय्य का, हा तिथला वाद. वाद मात्र जुना आहे.

लंडनमध्ये पूर्वी मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले. सॅम्युअल पेपीसच्या १६६२ च्या रोजनिशीत एक चतुर गृहस्थ आहे. ज्योत विझताना धूर खाली उतरतो हे त्यानं हेरलं होतं. नेमकी तेव्हाच तो बोली लावी! १९९५ मध्ये निघालेल्या ईबेवर मेणबत्तीच्या जागी घड्याळ आलं आणि अशा चतुरांचं पुन्हा फावलं.

आपल्याकडे पुकारा होतो, "एक वार, दोन वार..." मध्येच कुणी भाव वाढवला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतल्या 'ब्रिंग अ ट्रेलर'वर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली, तर पुन्हा दोन मिनिटं मिळतात. म्हणजे आपलेच तीन वार की!

हौशी माणसाची मोटार हुकली तर हळहळ होते. लातूरच्या आडतीत सौद्याला निघते ती शेतकऱ्याची वर्षभराची तूर. तिथे संगणक जरूर यावा. पण वाढीव भाव द्यायला कुणी तयार असताना घड्याळानं लिलाव तोडू नये. एवढंच मागणं.