झटका खरा, ईईजी नॉर्मल: एका आजाराच्या नावांचा इतिहास

चाकण-भोसरीकडे लाइनवर उभा असलेला विशीतला ट्रेनी कोसळला, हातपाय झाडू लागला, की कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल त्याच्या नाकाशी धरतं. पुढे ईईजी नॉर्मल आला की दुसरं कुणी म्हणतं, "ड्यूटी टाळायला नाटक करतोय." आज या 'नाटका'चा इतिहास बघू.

आधी मूळ मुद्दा. अपस्मारात मेंदूतल्या पेशी एकाच वेळी बेफाम विद्युत संदेश सोडतात. फंक्शनल सीझर बाहेरून तसाच दिसतो, पण त्यामागे तो विद्युत-कल्लोळ नसतो. आणि माणूस तो मुद्दाम आणत नाही. अशा तरुणांमध्ये चिंताविकार, नैराश्य किंवा जुना मानसिक आघात बऱ्याचदा सोबत असतो.

1875 मध्ये 14 वर्षांची ऑगस्टीन पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात दाखल झाली. तिथले न्यूरॉलॉजिस्ट शार्को अशा झटक्यांना 'हिस्टेरो-एपिलेप्सी' म्हणत. तिच्यावर झालेला लैंगिक अत्याचार केसच्या नोंदीत लिहिलेला आहे. गाजले मात्र तिच्या झटक्यांचे फोटो. माहिती हाताशी होती, तिला कारण म्हणून वजन मिळालं नाही.

1929 मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या ईईजीवरचा पहिला शोधनिबंध छापला. आता फरक मोजता येऊ लागला. पण हळूहळू 'ईईजीत काही नाही' याचा अर्थ 'याला काहीच नाही' असा घेतला जाऊ लागला. खरं तर दोन झटक्यांच्या मधे काढलेला ईईजी अपस्मारातही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष झटका टिपणारा व्हिडिओ-ईईजी सर्वांत भरवशाचा. काही जणांना तर दोन्ही प्रकारचे झटके येतात.

या गोंधळाची किंमत किती? 2002 मध्ये जर्मनीतल्या 313 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. योग्य निदानाला सरासरी सात वर्षांहून जास्त लागली होती. उशीर वाढवणाऱ्या घटकांत एक होता कमी वय. शिकायची, नोकरीला लागायची सात वर्षं!

मग आलं 2013. मे महिन्यात अमेरिकन मनोविकार संघटनेचं डीएसएम-5 आलं. रुग्ण सोंग करत नाही हे सिद्ध करायची आणि ताणाचं कारण शोधून दाखवायची अट निदानातून गेली. तपासणीत दिसणाऱ्या ठोस खुणांवर भर आला. इकडे ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं हे गुन्हे ठरले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण एकाने डॉक्टरच्या टेबलावर आणि दुसऱ्याने मांत्रिकाच्या अंगणात, कोसळलेल्या माणसावरचा आरोप थोडा कमी केला.

रिसर्चला येणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, लिटरेचर शोधताना जुनी नावंही टाका: हिस्टेरो-एपिलेप्सी, सुडोसीझर, नॉन-एपिलेप्टिक सीझर. नाहीतर शंभर वर्षांचं काम निसटेल. दोन, 'निगेटिव्ह' रिझल्ट एवढंच सांगतो की तुम्ही शोधलेली गोष्ट सापडली नाही. समोरच्या पोराला काय होतंय, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.